चार पानांची बातमी
(दामोदर कोसंबी यांच्या एका शोधनिबंधाचे रसग्रहण)

कोणत्याही महाविद्यालयाचा वार्षिक अंक उघडावा. कथा, कविता, प्रवासवर्णने आणि स्नेहसंमेलनाचे फोटो संपले की शेवटच्या पानांवर ‘महाविद्यालय वृत्त’ येते. राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर कोणत्या गावी झाले, एन.सी.सी.चे कोण छात्र प्रजासत्ताक दिनाच्या संचलनाला गेले, ग्रंथालयात किती पुस्तकांची भर पडली, हे सगळे तिथे असते. मग ‘प्राध्यापकांचे यश’ हा मथळा. कोणाला पीएच.डी. मिळाली, कोणाचे पुस्तक निघाले, कोणाचा शोधनिबंध परदेशी नियतकालिकात प्रसिद्ध झाला, आणि शेवटी हार्दिक अभिनंदन. ज्याची बातमी असते तो ती वाचतो, त्याच्या घरचे वाचतात. त्या शोधनिबंधात होते तरी काय, हे सहसा कोणी विचारत नाही.

कवितेचे रसग्रहण आपण शाळेपासून करत आलो. आशय काय, तो कसा उलगडतो, रचनेत कुठे कौशल्य आहे, शब्द कसे वापरले आहेत, हे पाहण्याची नजर मराठी वाचकाला बाराखडीइतक्याच सहज मिळते. ही नजर एखाद्या वैज्ञानिक शोधनिबंधावर टिकवली तर तिथेही तितकाच आनंद मिळतो, असा माझा अनुभव आहे. म्हणून इथे एका शोधनिबंधाचे रसग्रहण मांडतो. तो पुण्यातल्या एका महाविद्यालयात शिकवणाऱ्या गणिताच्या प्राध्यापकाने लिहिला. त्याची लांबी चार पाने आहे, आणि ऐंशी वर्षांनंतरही जगभरच्या प्रयोगशाळांत तो रोज वापरला जातो.

प्राध्यापक म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी आणि महाविद्यालय म्हणजे फर्ग्युसन. इंग्लंडमधल्या ‘ॲनल्स ऑफ युजेनिक्स’ या नियतकालिकाच्या बाराव्या खंडात, १७२ ते १७५ या पानांवर हा निबंध छापलेला आहे. संदर्भसूचींत त्याचे वर्ष कुठे १९४३ दिसते, कुठे १९४४. शीर्षक आहे ‘द एस्टिमेशन ऑफ मॅप डिस्टन्सेस फ्रॉम रिकॉम्बिनेशन व्हॅल्यूज’. पुनःसंयोगाच्या प्रमाणावरून जनुकांच्या नकाशावरचे अंतर कसे काढावे, हा त्याचा विषय. ज्या नियतकालिकात तो आला त्याच्या नावात ‘सुप्रजननशास्त्र’ होते. त्या शास्त्राच्या नावाखाली विसाव्या शतकात माणसांवर जे अन्याय झाले त्यांची आठवण त्या नावाला चिकटलेली होती. १९५४ मध्ये ते बदलून ‘ॲनल्स ऑफ ह्यूमन जेनेटिक्स’ झाले. कोसंबींच्या निबंधाचा मात्र त्या जुन्या विचाराशी संबंध नाही. त्यांच्यापुढे होता तो गणिताचा एक स्वच्छ प्रश्न.

मराठी वाचकाला कोसंबी माहीत आहेत ते इतिहासकार म्हणून. १९५६ मध्ये आलेला भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची दिशा बदलणारा ग्रंथ, १९६२ चे ‘मिथ अँड रिॲलिटी’, भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती, ही त्यांची ओळख. गोव्यात १९०७ साली जन्म, वडील बौद्ध धर्माचे थोर अभ्यासक धर्मानंद कोसंबी, शिक्षण अमेरिकेत, १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी, मग बनारस आणि अलीगढला काही काळ अध्यापन. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ते फर्ग्युसनमध्ये आले आणि १९४५ पर्यंत तिथे गणित शिकवत होते. फर्ग्युसन कोसंबी घराण्याला नवे नव्हते. १९१२ नंतरची काही वर्षे धर्मानंदांनी तिथेच पाली शिकवली होती.

आता निबंधाच्या आशयाकडे वळू. त्यासाठी थोडे जीवशास्त्र हवे.

प्रत्येक गुणसूत्रावर जनुके ओळीने बसलेली असतात. आईकडून आलेले गुणसूत्र आणि वडिलांकडून आलेले त्याच जातीचे गुणसूत्र, या दोघांत प्रजननपेशी तयार होताना तुकड्यांची अदलाबदल होते. लाल मण्यांची एक माळ आणि पांढऱ्या मण्यांची एक माळ शेजारी ठेवून, दोन्ही एकाच जागी कापून शेपट्या बदलाव्यात, तसे. जीवशास्त्रात याला क्रॉसिंग ओव्हर म्हणतात. दोन जनुके जवळ असतील तर त्यांच्या मध्ये कापले जाण्याची शक्यता कमी, लांब असतील तर जास्त. म्हणून संततीतल्या किती जणांत जुनी जोडी फुटली हे मोजले की जनुके किती दूर आहेत याचा अंदाज येतो. जोडी फुटण्याच्या या प्रमाणाला पुनःसंयोगाचे प्रमाण म्हणतात.

हा विचार पहिल्यांदा सुचला तो एका विद्यार्थ्याला. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात टॉमस हंट मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेत फळमाश्यांवर काम चाले. १९११ मध्ये त्या प्रयोगशाळेतला अल्फ्रेड स्टर्टिव्हंट हा पदवीचा विद्यार्थी मोजणीचे कागद घरी घेऊन गेला. वर्गाचा अभ्यास बाजूला ठेवून तो रात्रीचा बराच वेळ त्या आकड्यांवर बसला आणि सकाळपर्यंत जगातला पहिला जनुक-नकाशा तयार झाला. १९१३ मध्ये तो छापला गेला. अंतराच्या एककाला पुढे मॉर्गन यांचे नाव मिळाले: शंभरात एक पुनःसंयोग म्हणजे एक सेंटिमॉर्गन.

त्याच नकाशात कोसंबींच्या प्रश्नाचे बीज आहे. माशीचे पिवळे शरीर ठरवणारे जनुक आणि तिचे पंख खुरटे करणारे जनुक यांच्यातले अंतर स्टर्टिव्हंटने लहान लहान टप्पे बेरजेने जोडून काढले. ते आले ५७.६. या दोन जनुकांचा पुनःसंयोग थेट मोजला तर तो भरला फक्त ३७.६ टक्के. वीस सेंटिमॉर्गन कुठे गेले?

उत्तर असे की दोन जनुकांच्या मध्ये एकदा अदलाबदल झाली तर जोडी फुटते, पण दोनदा झाली तर ती पुन्हा जुळते. संततीकडे पाहणाऱ्याला काही घडलेच नाही असे वाटते. अंतर जितके मोठे तितक्या अशा लपलेल्या दुहेरी अदलाबदली अधिक. म्हणून जनुके कितीही लांब असली तरी जोड्या फुटण्याचे प्रमाण निम्म्याच्या वर जात नाही. नकाशावरचे अंतर वाढत राहते, मोजता येणारे प्रमाण ५० टक्क्यांशी जाऊन थांबते. दिसणाऱ्या प्रमाणावरून न दिसणारे अंतर कसे काढायचे, हा प्रश्न.

जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९१९ मध्ये एक उत्तर दिले. प्रत्येक अदलाबदल इतरांपासून स्वतंत्र असते असे मानले तर हिशेब सरळ होतो. सूत्र देखणे होते, पण जीवसृष्टी तशी वागत नव्हती. एका ठिकाणी अदलाबदल झाली की लगतच्या जागी दुसरी होण्याला आडकाठी येते, हे हर्मन म्युलर यांनी १९१६ मध्येच दाखवले होते. ही आडकाठी मोजण्यासाठी एक गुणोत्तर वापरतात. दुहेरी अदलाबदली प्रत्यक्षात किती झाल्या आणि स्वतंत्रपणे झाल्या असत्या तर किती अपेक्षित होत्या, यांचा भागाकार. जागा अगदी जवळ असतील तर हे गुणोत्तर शून्याकडे जाते, खूप लांब असतील तर एकाकडे.

आता कोसंबींच्या निबंधाचा गाभा. अंतर किंचित वाढवले, एका बारीकशा तुकड्याने, तर पुनःसंयोगाचे प्रमाण किती वाढेल? नव्या तुकड्यात अदलाबदल झाली तर दोनपैकी एक गोष्ट घडते. आधी अखंड असलेली जोडी फुटते, ही भर. किंवा आधी फुटलेली जोडी पुन्हा जुळते, ही घट. घटीला दोनाने गुणावे लागते, कारण अशी संतती नव्या भरीतूनही निसटते आणि आधीच्या मोजणीतूनही. आडकाठी असेल तर ही घट तेवढ्या प्रमाणात कमी होते, म्हणून तिला ते गुणोत्तरही लावायचे. एवढे झाले की वाढीचा वेग मिळतो: एक वजा, दुप्पट गुणोत्तर गुणिले पुनःसंयोगाचे प्रमाण.

इथे तीन वाटा फुटतात. गुणोत्तर शून्य धरले तर वजा करायला काहीच उरत नाही आणि अंतर आणि प्रमाण एकच होते. मॉर्गन यांच्या काळातला साधा नकाशा तो हाच. गुणोत्तर एक धरले तर हॉल्डेन यांचे सूत्र मिळते. कोसंबींनी तिसरी वाट घेतली. त्यांनी हे गुणोत्तर पुनःसंयोगाच्या प्रमाणाच्या दुप्पट धरले.

या एका पावलावर रेंगाळायला हवे, कारण निबंधाचे सारे सौंदर्य इथे आहे. प्रमाण शून्य असेल तर त्याची दुप्पट शून्य, म्हणजे जवळच्या जागी पूर्ण आडकाठी. प्रमाण त्याच्या कमाल मर्यादेला, निम्म्यावर, पोचले तर त्याची दुप्पट एक, म्हणजे आडकाठी संपली. दोन्ही टोके निसर्गात जशी दिसतात तशी जुळली, आणि मधला भाग सगळ्यांत साध्या रेषेने जोडला. याहून महत्त्वाचे म्हणजे त्यासाठी एकही नवा स्थिरांक आणावा लागला नाही. आकडे जुळवून घेण्यासाठी सूत्रात जागोजाग मोकळे स्थिरांक ठेवायचे आणि ते प्रयोगावरून भरायचे, ही सवय विज्ञानात नेहमीची आहे. कोसंबींनी हवी असलेली माहिती हातातल्या राशीतूनच काढली. जे मोजायचे आहे तेच आडकाठीचे मापही झाले. कवितेत एखादा शब्द दोन अर्थ अलगद वाहून नेतो तेव्हा आपण थांबतो, तसे इथे थांबावेसे वाटते.

मग जे समीकरण उरते ते असे: वाढीचा वेग म्हणजे एक वजा पुनःसंयोगाच्या प्रमाणाच्या वर्गाची चौपट. प्रमाण निम्मे झाले की वर्ग पाव, त्याची चौपट एक, आणि एकातून एक गेला की वाढ थांबली. पन्नास टक्क्यांची जी मर्यादा जीवशास्त्राने सांगितली होती, ती समीकरणाने आपणहून पाळली. ती बाहेरून लादावी लागली नाही.

हे डिफरन्शियल इक्वेशन सोडवायला फार मोठे गणित लागत नाही. चले वेगळी करायची, आंशिक अपूर्णांक पाडायचे, इंटिग्रेट करायचे. बी.एस्सी.च्या वर्गात फळ्यावर सोडवून दाखवतात असाच हा प्रश्न. उत्तरात हायपरबॉलिक टॅन्जंट येतो, आणि उलटे मांडले तर लॉगरिथम: पुनःसंयोगाच्या प्रमाणाची दुप्पट एकात मिळवायची, तीच दुप्पट एकातून वजा करायची, पहिल्याला दुसऱ्याने भागायचे, भागाकाराचा नैसर्गिक लॉगरिथम घ्यायचा आणि त्याचा चौथा भाग करायचा. झाले अंतर. १९४० च्या दशकात ज्याच्याकडे लॉग टेबल होते त्याला हे काही मिनिटांत काढता येत होते.

प्रत्यक्ष आकडे पाहू. संततीत १० टक्के जोड्या फुटलेल्या दिसल्या. हॉल्डेन यांच्या सूत्राने अंतर ११.२ सेंटिमॉर्गन, कोसंबींच्या सूत्राने १०.१. फरक फारसा नाही. २० टक्के फुटल्या तर हॉल्डेन २५.५, कोसंबी २१.२. ३० टक्क्यांवर हॉल्डेन ४५.८, कोसंबी ३४.७. आता फरक अकरा सेंटिमॉर्गनचा झाला. जवळच्या जनुकांसाठी दोन्ही सूत्रे हातात हात घालून चालतात. अंतर वाढू लागले की आडकाठी लक्षात घेणारे सूत्र कमी अंतर सांगते, कारण आडकाठी असल्यामुळे लपलेल्या दुहेरी अदलाबदली कमी झालेल्या असतात आणि तेवढी भरपाई करावी लागत नाही.

निबंधातले दुसरे सौंदर्यस्थळ बेरजेचे आहे. एका जनुकापासून दुसरे आणि दुसऱ्यापासून तिसरे, असे दोन टप्पे मोजले, तर पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंतचे प्रमाण किती? कोसंबींच्या सूत्रातून येणारा नियम इतका आटोपशीर आहे की तो तोंडपाठ होतो. दोन प्रमाणांची बेरीज करा. दोन प्रमाणांचा गुणाकार करून त्याची चौपट घ्या, ती एकात मिळवा. बेरजेला या संख्येने भागा. प्रत्येक टप्पा २० टक्क्यांचा असेल तर साध्या बेरजेने ४० टक्के यायला हवेत. हॉल्डेन यांच्या हिशेबाने ३२ येतात. कोसंबींच्या नियमाने ०.४ ला १.१६ ने भागायचे, सुमारे ३४.५ टक्के.

भौतिकशास्त्र शिकलेल्या वाचकाला हा नियम ओळखीचा वाटेल. सापेक्षता सिद्धांतात दोन वेगांची बेरीज अशीच करतात. तिथे मर्यादा आहे प्रकाशाच्या वेगाची. दोन वेग कितीही मोठे असले तरी त्यांची बेरीज ती मर्यादा ओलांडत नाही, कारण बेरजेला एक अधिक ‘वेगांचा गुणाकार भागिले मर्यादेचा वर्ग’ याने भागायचे असते. कोसंबींच्या सूत्रात मर्यादा आहे निम्म्याची. निम्म्याचा वर्ग पाव, आणि पावाने भागणे म्हणजे चाराने गुणणे. सूत्रातला तो चार इथून आला. प्रकाशाच्या वेगाच्या जागी पन्नास टक्के ठेवले की आइन्स्टाइन यांचा वेगांच्या बेरजेचा नियम माशीच्या जनुकांना लागू होतो. हे साम्य कोसंबींच्या नजरेतून सुटले असेल असे मला वाटत नाही, कारण त्यांचे स्वतःचे मूळ क्षेत्र सापेक्षतेशी नाते सांगणारी भूमितीच होते. १९३३ मध्ये मार्ग-अवकाशांवरचा त्यांचा निबंध जर्मनीतल्या ‘मॅथेमाटिशे त्साइटश्रिफ्ट’मध्ये आला तेव्हा त्याच्यालगतच थोर फ्रेंच गणिती एली कार्टान यांचे त्यावरचे टिपण छापले गेले. त्या विषयाला आज कोसंबी–कार्टान–चर्न यांच्या नावाने ओळखतात.

रचनेबद्दल बोलायचे तर चार पाने ही या निबंधाची शोभा आहे. प्रश्न, गृहीतक, समीकरण, उत्तर, वापर. जितके सांगायचे तितके सांगून तो थांबतो. लेखक आपल्या मूळ क्षेत्राबाहेर लिहीत आहे, तरीही त्याने शेजारच्या शास्त्रावर आपल्या शास्त्राचा भार टाकलेला नाही. जनुकशास्त्रज्ञाला जे वापरता येईल तेवढेच गणित त्याच्या हाती दिले आहे. दुसऱ्याच्या अंगणात जाऊन त्याच्याच कामाची वस्तू घडवून द्यावी, ही विद्वत्तेतली मोठी सभ्यता आहे.

निबंधाला मर्यादाही आहेत आणि रसग्रहणात त्या सांगायलाच हव्यात. आडकाठीचा नियम सगळ्या जीवांत तंतोतंत असाच नसतो. उंदरांमध्ये आडकाठी अधिक तीव्र आढळली म्हणून कार्टर आणि फाल्कनर यांनी १९५१ मध्ये वेगळे सूत्र सुचवले. गुणोत्तर प्रमाणाच्या दुप्पट असते, हे कोसंबींनी पेशीच्या आत काय घडते त्यावरून सिद्ध केलेले नाही. ते एक जाणते गृहीतक आहे, टोके सांभाळणारे आणि मधे साधेपणा राखणारे. अशा गृहीतकाची परीक्षा वापरातच होते, आणि या परीक्षेत ते टिकले. भात, गहू, मका, भुईमूग अशा पिकांचे जनुक-नकाशे करणाऱ्यांच्या लेखनात कोसंबींचे सूत्र वापरल्याची नोंद आजही सर्रास आढळते. ‘मॅपमेकर’, ‘जॉइनमॅप’ अशा संगणक प्रणाली वापरणाऱ्याला एक पर्याय निवडावा लागतो: हॉल्डेन की कोसंबी. रोगाला दाद न देणारे वाण शोधण्यासाठी, दुष्काळ सोसणारे जनुक नेमके कुठे आहे ते हेरण्यासाठी असे नकाशे लागतात. फर्ग्युसनच्या गणिताच्या प्राध्यापकाचे नाव अशा रीतीने शेतापर्यंत पोचले आहे.

हा निबंध एकट्याने वाचला तर तो एक चमकदार अपवाद वाटेल. त्याच वर्षांतली कोसंबींची इतर कामे शेजारी ठेवली की त्यातली सलगता दिसते. १९४० च्या आसपास ते प्राचीन आहत नाण्यांकडे वळले होते. तक्षशिलेत सापडलेल्या चांदीच्या नाण्यांच्या ठेव्यातून त्यांनी वजनांचा अभ्यास केला आणि पडताळा म्हणून आपल्या काळातली चलनातली नाणीही हजारोंनी तोलली. हातोहाती फिरणारे नाणे झिजते. फिरण्याचा काळ वाढेल तशी सरासरी घटते आणि नाण्या-नाण्यांमधला फरक वाढतो. या दोन गोष्टींवरून नाण्यांची कालक्रमाने मांडणी करता येते. शिवाय नाण्यांच्या मागच्या बाजूच्या लहान ठशांची संख्या जितकी जास्त तितके नाणे हलके, हे दाखवून ते ठसे म्हणजे चलनात असताना वेळोवेळी झालेल्या तपासणीच्या खुणा आहेत असे त्यांनी मांडले. १९४३ मध्ये भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकात त्यांचा फलनांच्या अवकाशातील संख्याशास्त्रावरचा निबंध आला. त्यात मांडलेली पद्धत पुढे कार्हुनेन आणि लोएव्ह यांच्या नावाने जगभर रूढ झाली. आता काही लेखक तिला कोसंबी–कार्हुनेन–लोएव्ह असे म्हणतात.

नाणे, गुणसूत्र, फलन: तीन विषय, आणि तिन्ही ठिकाणी प्रश्नाची ठेवण सारखी. लहान लहान, आकस्मिक घटना एकावर एक साचत जातात. त्या एकेकट्या दिसत नाहीत, त्यांचा एकत्रित परिणाम तेवढा मोजता येतो. त्या परिणामावरून मागे जाऊन मूळ प्रक्रिया कशी ओळखायची? नाण्याच्या वजनावरून त्याचा प्रवास, फुटलेल्या जोड्यांवरून जनुकांचे अंतर. पुढे इतिहास लिहिताना त्यांनी जे केले, म्हणजे आज उरलेल्या देवदेवतांवरून, रूढींवरून, शेतातल्या दगडांवरून मागच्या समाजाकडे जाणे, त्याची तालीम या गणितात झालेली दिसते. हे सगळे काम महाविद्यालयात तास घेणारा माणूस करत होता.

हीच गोष्ट मला सर्वांत जास्त सांगायची आहे. या निबंधातले प्रत्येक साधन वर्गातले आहे. चले वेगळी करण्याची रीत, आंशिक अपूर्णांक, हायपरबॉलिक टॅन्जंटची बेरीज, लॉगरिथम. वर्षानुवर्षे शिकवताना ही साधने शिक्षकाच्या अंगवळणी पडतात. अंगवळणी पडलेले साधन घेऊन तो अनोळखी प्रश्नासमोर उभा राहिला तर काय घडू शकते, ते या चार पानांत दिसते. अध्यापनामुळे संशोधनाला वेळ मिळत नाही, ही तक्रार खरी आहे आणि तिच्यामागे कामाचा प्रचंड बोजा आहे. तरीही शिकवणे आणि शोधणे यांची मुळे एकाच मातीत असतात. फळ्यावर एखादे गणित शंभरदा सोडवणाऱ्यालाच त्याचे रूप दुसऱ्या वेषात ओळखता येते.

फर्ग्युसनने यश साजरे करायला कधी कमी केले नाही. १८९९ मध्ये रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले तेव्हाचा आनंद महाराष्ट्रभर पसरला. पुढे ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले आणि ‘रँग्लर’ ही त्यांच्या नावाची कायमची उपाधी ठरली. ती बातमी सगळ्यांना कळली, कारण तिच्यात पहिला क्रमांक होता. क्रमांक समजायला गणित यावे लागत नाही. कोसंबींच्या चार पानांत क्रमांक नव्हता, होता तो विचार. विचाराची बातमी व्हायची तर कोणीतरी तो वाचून, समजून दुसऱ्याला सांगावा लागतो. हे सांगणारे आपल्याकडे फार कमी होते आणि अजूनही कमीच आहेत. कोसंबी १९४५ मध्ये होमी भाभांच्या नव्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले. मराठी जगात त्यांचे गणित बहुतांशी अपरिचित राहिले.

आज शोधनिबंधांची मोजणी अधिकच काटेकोर झाली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० मध्ये पदोन्नतीसाठी गुणांची पद्धत आणली, तेव्हापासून निबंध, परिसंवाद, पुस्तके यांचे गुण तक्त्यात भरले जातात. महाविद्यालयाच्या ‘नॅक’ मूल्यांकनासाठी विभागनिहाय आकडे मांडले जातात. या मोजणीमागे जबाबदारीची अपेक्षा आहे आणि ती योग्य आहे. पण मोजणीने आशय कळत नाही. चार पानांचा एक निबंध म्हणून कोसंबींच्या या कामाची नोंद तक्त्यात एका ओळीत मावली असती, आणि शेजारच्या ओळीतल्या कोणत्याही निबंधाइतकीच दिसली असती. दोन ओळींतला फरक ओळखायला वाचणारा माणूस लागतो.

म्हणून महाविद्यालयांना माझी कळकळीची विनंती आहे. ‘प्राध्यापकांचे यश’ या मथळ्याखाली जितकी नावे येतात तितकी येऊ द्यावीत, अभिनंदनही करावे. त्यासोबत दरवर्षी एका सहकाऱ्याच्या एका शोधनिबंधाचे मराठीत दोन पानी रसग्रहण छापावे, आणि ते दुसऱ्या विभागातल्या कोणीतरी लिहावे. रसायनशास्त्राच्या प्राध्यापिकेने इतिहासाच्या सहकाऱ्याचे काम वाचावे, मराठीच्या प्राध्यापकाने वनस्पतिशास्त्रातले. प्रश्न काय होता, कोणते पाऊल नवे पडले, सौंदर्य कुठे आहे, मर्यादा कोणती, एवढ्या चार गोष्टी सांगितल्या तरी पुरे. ते लिहिण्यासाठी लेखकाला सहकाऱ्याकडे जाऊन बसावे लागेल, विचारावे लागेल, आणि न समजलेले पुन्हा विचारावे लागेल. शिक्षक-कक्षातली अशी देवघेव किती दूर जाते याचे उदाहरण कोसंबींच्याच महाविद्यालयात आहे. फर्ग्युसनमधलेच संस्कृत-पालीचे विद्वान वा. वि. गोखले आणि गणिती कोसंबी यांनी मिळून ‘सुभाषितरत्नकोश’ संपादित केला आणि १९५७ मध्ये तो हार्वर्डच्या प्राच्यविद्या मालेत प्रसिद्ध झाला.

अशी दोन पाने छापली गेली तर सर्वांत मोठा लाभ विद्यार्थ्यांचा आहे. आपल्याला डिफरन्शियल इक्वेशन शिकवणारे सर त्याच समीकरणातून काय शोधत आहेत, हे एकदा कळले की परीक्षेपुरते वाटणारे गणित त्यांना वेगळे दिसू लागेल. स्टर्टिव्हंटही विद्यार्थीच होता. आपल्या शिक्षकाच्या कामात नेमके काय चालले आहे हे त्याला ठाऊक होते, म्हणूनच ते कागद घरी न्यावेत असे त्याला वाटले.